भिंती, भिशी आणि तांब्याची तार: जोहान्सबर्ग ते डर्बन

पहिला दिवस

जोहान्सबर्गच्या ओ. आर. टाम्बो विमानतळावर उतरले तेव्हा ऑगस्ट २०२४ संपत आला होता. हवा कोरडी होती, गवत पिवळे पडले होते आणि ऊन असूनही बोटे गारठत होती. पंचवीस वर्षे हिशेबतपासणीचे काम केल्यामुळे एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. चोरीमुळे जे जाते ते वहीत तूट म्हणून दिसते; पण चोरी होऊ नये म्हणून जे खर्च होते, आणि चोरीच्या धास्तीने जे करायचेच राहून जाते, ते कोणत्या खात्यात मांडायचे? दक्षिण आफ्रिकेत या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी पाहता येते असे अनेकांकडून ऐकले होते, म्हणून जोहान्सबर्ग ते डर्बन असा सहा दिवसांचा प्रवास आखला.

विमानतळावरून शहरात नेणारी गाउट्रेन जून २०१० मध्ये, फुटबॉलच्या विश्वचषकाच्या तोंडावर सुरू झाली. ताशी १६० किलोमीटरपर्यंत वेग घेणारी ही गाडी स्वच्छ आहे, वेळेवर सुटते, आणि फलाटावर, जिन्यावर, डब्यात कुठेही नजर टाकली तरी गणवेशातला पहारेकरी दिसतो. याच प्रांतातली कामगारांची लोकलगाडी मात्र काही वर्षांपूर्वी जवळजवळ नाहीशी झाली होती. एकाच शहरात एक रेल्वे डोळ्यांत तेल घालून राखली जाते आणि दुसरी तारांसकट उचलून नेली जाते, ही गोष्ट पहिल्याच तासात समोर आली आणि परतेपर्यंत मनातून गेली नाही.

मला घ्यायला आलेल्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. गाडीत बसताच त्यांनी माझ्या मांडीवरची पर्स डिकीत ठेवायला लावली आणि काच वर करायला सांगितली. वाहतुकीच्या सिग्नलला इथे ‘रोबो’ म्हणतात. रोबोपाशी थांबताना पुढच्या गाडीची मागची चाके दिसतील इतके अंतर ठेवायचे, म्हणजे कोणी काच फोडायला आले तर गाडी बाजूने काढता येते, हे त्यांनी मला समजावले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. लहान मुलाला रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहायला शिकवावे, तितक्या सहजपणे त्या बोलत होत्या, आणि त्या सहजपणाचेच मला अधिक वाईट वाटले.

त्यांच्या घराला पुरुषभर उंचीहूनही उंच भिंत आहे, भिंतीवर विजेच्या तारांचे कुंपण आहे आणि रात्री सगळे शांत झाले की त्या कुंपणाची बारीक टिकटिक ऐकू येते. लोखंडी सरकते फाटक, मग जाळीचे दार, मग लाकडी दार, एवढे ओलांडून आत गेले तरी बैठकीची खोली आणि निजायच्या खोल्या यांच्यामध्ये आणखी एक लोखंडी दार होते. “रात्री हे दार लावले की पुढचे घर चोराचे आणि मागचे आपले,” असे बाई म्हणाल्या. माणसाने स्वतःच्या घराची मनातल्या मनात अशी वाटणी करून ठेवलेली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. निजण्यापूर्वी त्यांनी माझ्या हातात एक लहान रिमोट दिला. त्याचे लाल बटण दाबले की खाजगी सुरक्षा कंपनीचे सशस्त्र लोक काही मिनिटांत येतात. पोलिसांचा नंबर त्यांनी मला दिला नाही, आणि मीही तो मागितला नाही हे नंतर ध्यानात आले.

दुसरा दिवस

सकाळी लवकर उपनगरात पायी फिरून आले. रस्ते रुंद आणि सावलीचे आहेत, पण त्यांवर घरांचे तोंडच नाही. दोन्ही बाजूंना फक्त भिंती, आणि दर पंधरा-वीस पावलांवर ‘सशस्त्र प्रतिसाद’ अशी पाटी. पायी चालणारे होते ते या भिंतींच्या आत धुणीभांडी आणि बागकाम करायला निघालेले लोक. बाई सांगत होत्या की त्यांच्या लहानपणी इथे कमरेएवढी झुडपांची कुंपणे होती आणि भिंती चढल्या त्या गेल्या तीस-चाळीस वर्षांत. चोर बाहेर राहावा म्हणून भिंत बांधली खरी, पण तिच्यामुळे शेजारीही दिसेनासा झाला, आणि रस्त्यावर काय चालले आहे हे पाहणारा खिडकीतला डोळा, जो फुकट पहारा देत असतो, तोही मिटला. मग तो डोळा पगार देऊन ठेवावा लागतो.

तो पगारी डोळा रस्त्याच्या तोंडाशी, आडव्या दांड्याजवळच्या टपरीत बसलेला होता. सार्वजनिक रस्ता रहिवाशांनी असा बंदिस्त करण्याला गाउतेंग प्रांताच्या १९९८ च्या कायद्याने परवानगीची वाट करून दिलेली आहे. मात्र रस्ता सार्वजनिकच राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवण्याचा अधिकार पहारेकऱ्याला मिळत नाही. प्रत्यक्षात गोऱ्या माणसाच्या गाडीसाठी दांडा आपोआप वर जातो आणि पायी आलेल्या काळ्या तरुणाला कुणाकडे जायचे ते सांगावे लागते, हे मी अर्ध्या तासात तीनदा पाहिले. माझ्यापाशी पहारेकरी क्षणभर घुटमळला आणि मग त्याने हसून हात वर केला. तो बारा तासांची पाळी करतो. त्याचे स्वतःचे घर पत्र्याचे आहे आणि तो कामावर असताना त्यावर शेजारीण लक्ष ठेवते; तिला तो महिन्याच्या शेवटी थोडे पीठ आणि साखर देतो. दुसऱ्याच्या घरावर पहारा देऊन मिळालेल्या मजुरीतला एक भाग स्वतःच्या घराच्या पहाऱ्यावर खर्च होतो, अशी ही साखळी आहे.

देशात नोंदणी असलेले आणि प्रत्यक्ष कामावर असलेले खाजगी सुरक्षा कर्मचारी साडेपाच लाखांहून अधिक आहेत, तर पोलिसदलात कार्यालयीन कर्मचारी धरूनही सुमारे १,८०,००० माणसे आहेत. मी हिशेबनीस म्हणून या आकड्यांकडे पाहते तेव्हा मला चोरी गेलेले टीव्ही दिसत नाहीत. पाच लाख धडधाकट माणसे, जी घर बांधू शकली असती, शेत पिकवू शकली असती, ती काही तरी घडू नये यासाठी दिवसरात्र उभी आहेत, हे दिसते. ज्यांच्याकडे असा पहारा विकत घेण्याइतके पैसे नाहीत त्यांच्याकडे चोरी सरकते. २०२२-२३ या वर्षात या देशात २७,४९४ खून नोंदले गेले, आणि त्यांतले फार मोठे ओझे भिंती नसलेल्या वस्त्यांवरच पडते.

दुपारी कॉन्स्टिट्यूशन हिल पाहिले. इथल्या जुन्या तुरुंगात १९०८ मध्ये गांधीजींना ठेवले होते आणि पुढे मंडेलांनाही. २००४ साली त्याच आवारात देशाच्या घटना न्यायालयाची इमारत उभी राहिली, आणि तुरुंगाच्या पाडलेल्या भागाच्या विटा तिच्या भिंतींत वापरल्या आहेत. पूर्वी गावातला न्याय झाडाखाली होत असे, ती कल्पना समोर ठेवून ही वास्तू मुद्दाम उघडी आणि काचेची केली आहे. आत बसलेल्याला बाहेरून जाणाऱ्यांची पावले दिसतात. शहरभर भिंती पाहून आल्यावर त्या काचांसमोर मी बराच वेळ थांबले. जानेवारी २०२२ मध्ये एका माणसाने हातोड्याने याच इमारतीच्या काचा फोडल्या होत्या. तरी काचांच्या जागी भिंत बांधली गेली नाही, याचे मला मनापासून समाधान वाटले.

परतताना लोकलगाडीच्या जेपी स्थानकाजवळून गेलो आणि गाडीचा वेग आपोआप कमी झाला. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा या प्रांतातली कितीतरी स्थानके मुळापासून सोलली गेली, त्यांत हेही होते. आधी गाड्यांना वीज पुरवणारी डोक्यावरची तांब्याची तार गेली, मग सिग्नलच्या केबली, मग छताचे पत्रे, दारे, खिडक्या, नळ, विटा, आणि काही ठिकाणी रूळही. हे एका रात्रीत घडले नाही. स्थानकांच्या पहाऱ्याची कंत्राटे नियमबाह्य रीतीने दिलेली आढळल्यामुळे ती संपवली गेली आणि त्यांच्या जागी दुसरी पुरेशी व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही. याच सरकारी प्रवासी रेल्वेचा इंजिने खरेदीचा अब्जावधी रँडचा (रँड हे इथले चलन) व्यवहार भ्रष्ट ठरवून न्यायालयाने २०१७ साली रद्द केला होता. वरच्या मजल्यावर सही करून चोरी झाली, म्हणून तळमजल्यावर करवत घेऊन येणाऱ्याला अडवणारे कोणी उरले नाही. या दोन चोऱ्या वेगवेगळ्या पानांवर लिहिणे मला योग्य वाटत नाही.

तांब्याच्या तारेत हिशेबाची एक भयंकर गोष्ट आहे. तार कापणारा तिच्यावरचे प्लॅस्टिक जाळून तांबे भंगारात विकतो तेव्हा त्याच्या हाती दोन-चार दिवसांचे जेवण येते, पण त्या तारेवाचून हजारो माणसे कामावर पोचत नाहीत. २०१० च्या आसपास वर्षाला या लोकलगाड्यांतून ५० कोटींहून अधिक प्रवास होत असत. २०२१-२२ मध्ये तो आकडा २ कोटींच्याही खाली आला. त्यानंतर अनेक मार्ग पुन्हा सुरू झाले आहेत, पण त्या मधल्या काळात स्वस्त गाडी गेल्यामुळे कामगाराला महाग टॅक्सीने जावे लागले, आणि ज्यांना तेही परवडले नाही त्यांनी कामच सोडले. ही तूट कोणाच्याही वहीत दिसणार नाही. सरकारने २०१५ च्या कायद्याने अशा पायाभूत सोयींच्या नासधुशीला ३० वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आणि नोव्हेंबर २०२२ अखेरीस भंगार धातूच्या निर्यातीवर बंदी घातली. दुसरा उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण चोरी ही चोराच्या हातापाशी जेवढी असते त्याहून अधिक ती विकत घेणाऱ्याच्या तराजूपाशी असते.

तिसरा दिवस

आजचा दिवस सोवेटोत, जोहान्सबर्गलगतच्या काळ्या लोकांच्या मोठ्या वस्तीत, गेला. क्लिपटाउनमध्ये जून १९५५ मध्ये हजारो लोक उघड्या मैदानात जमले होते आणि त्यांनी वंशभेदाविरुद्धच्या लढ्यातली स्वातंत्र्याची सनद मंजूर केली होती. त्या जागी आज वॉल्टर सिसुलू चौक आहे, आणि विटांच्या शंकूसारख्या स्मारकात सनदेची कलमे कोरलेली आहेत. घरे, सुरक्षितता आणि सुखसोयी सर्वांना मिळतील, असे त्यांतले एक कलम सांगते. भोवतालच्या इमारतींच्या केबली, छत आणि चौकटी मात्र गेल्या काही वर्षांत काढून नेल्या गेल्या आहेत. ज्यांच्या आजी-आजोबांनी ही सनद मंजूर केली असेल त्यांच्याच अंगणातून हे गेले. नेणारे कोण आणि कुठले, यावर तिथल्या माणसांत एकमत नव्हते, आणि प्रत्येकाने दुसऱ्या गल्लीकडे बोट दाखवले.

वस्तीतल्या किराणा दुकानाला स्पाझा म्हणतात. काळ्या माणसांच्या व्यापारावर वंशभेदी राजवटीत कडक बंधने होती, तेव्हा घराच्या खोलीत लपून चालवलेली ही दुकाने. मी ज्या स्पाझात गेले तिथे मालाला हात लावता येत नाही. छतापर्यंत लोखंडी गज आहेत, त्यांत एक चौकोनी फट आहे, फटीतून नोट आत जाते आणि पाव बाहेर येतो. दुकानदार इथिओपियाचा आहे. २००८ च्या मे महिन्यात परदेशी लोकांविरुद्ध उसळलेल्या हिंसेत ६२ माणसे मारली गेली, आणि त्यानंतरही अशी दुकाने पुनःपुन्हा लुटली गेली आहेत. गजांमुळे दुकानदार जगतो, पण गिऱ्हाइकाला पाच वस्तू न्याहाळून सहावी घेता येत नाही, नवा माल समोर मांडता येत नाही, आणि उधारीचा तर प्रश्नच नाही. “उधार दिले तर मागायला जावे लागेल, आणि मागायला गेलो तर परत येईन की नाही ठाऊक नाही,” असे तो म्हणाला.

त्या गजांपासून चार घरे सोडून ज्या अंगणात आम्ही दुपारभर बसलो तिथे दारच उघडे होते, कारण त्या दिवशी स्टॉकवेलची बैठक होती. स्टॉकवेल म्हणजे आपली भिशी. एकोणिसाव्या शतकात ईस्टर्न केपमध्ये इंग्रज वसाहतवाल्यांचे जनावरांचे बाजार भरत, त्यांच्या इंग्रजी नावावरून हा शब्द आला असे सांगतात. देशभर सुमारे एक कोटी लोक अशा मंडळांत असावेत असा या क्षेत्रातल्या लोकांचा अंदाज आहे. कुठे दर महिन्याला एकीला सगळी रक्कम मिळते, कुठे वर्षभर साठवून डिसेंबरात घाऊक किराणा घेतात, आणि कुठे फक्त मर्तिकाच्या खर्चासाठी वर्गणी असते.

या मंडळात बारा जणी आहेत आणि त्यांचे नियम ऐकताना माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. नवी बाई घ्यायची तर जुन्या सभासदाने तिची हमी घ्यावी लागते, आणि नवी चुकली तर हमीदारीण भरते. बैठकीला उशिरा आले तर दंड. पैसे काढायला तिघींच्या सह्या लागतात आणि त्या तिघी एकाच गल्लीतल्या असता कामा नयेत. आजारपणाचे कारण सांगून हप्ता चुकवणाऱ्या बाईच्या घरी दोघी जणी फळे घेऊन जातात. त्या विचारपूस करायला जातात आणि खातरजमाही करून येतात. माया आणि तपासणी इथे एकाच पिशवीतून जातात, आणि यात कोणाला अपमान वाटत नाही. मोठमोठ्या संस्थांत मी जे नियम कागदावर पाहिले आणि प्रत्यक्षात मोडलेले पाहिले, ते या बारा जणी वर्षानुवर्षे पाळत आल्या आहेत.

मग त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क बाईंनी व्हीबीएस म्युच्युअल बँकेचा विषय काढला, कारण लिम्पोपो प्रांतातल्या त्यांच्या बहिणीच्या मर्तिक-मंडळाचे पैसे त्या बँकेत होते. २०१८ साली ही बँक बुडाली. तपास अहवालानुसार सुमारे १.९ अब्ज रँड आतल्या आणि वरच्या माणसांनी लुटले होते, आणि मी तिथे जाण्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२४ मध्ये, तिच्या माजी अध्यक्षाला १५ वर्षांचा कारावास झाला. सामान्य ठेवीदारांना ठरावीक मर्यादेपर्यंत सरकारी हमीतून पैसे परत मिळाले. “पैसे आले,” बाई म्हणाल्या, “पण बहिणीने ते पुन्हा बँकेत ठेवले नाहीत.” ते पैसे आता घरात आहेत, आणि डिसेंबरात स्टॉकवेलची रोकड घेऊन निघालेल्या बायकांना वाटेत लुटतात, म्हणून पोलीस दरवर्षी इशारा देतात. बँकेतल्या चोराला घाबरून पैसा रस्त्यावरच्या चोरापुढे येऊन पडतो. बारा जणींचा विश्वास कितीही पक्का असला तरी त्यातून कारखान्याला कर्ज देता येत नाही. अनोळखी माणसांना एकमेकांशी व्यवहार करता यावा म्हणून जी बँक, जे न्यायालय, जी विमासंस्था असते, ती पोखरली गेली की माणसे पुन्हा बारा जणींच्या वर्तुळात परत येतात.

परतताना त्या बाईंनी मला बाराग्वनाथ रुग्णालयासमोरच्या तळावरून मिनिबस टॅक्सीत बसवले. शहराकडे जाणारी टॅक्सी वाटेत थांबवायची असेल तर तर्जनी वर करायची, अशा हातांच्या खुणा इथे सर्वांना पाठ असतात. या टॅक्सीच्या मार्गांवरून मालकसंघटनांत रक्तपात होतो हे सर्वज्ञात आहे. आणि त्याच टॅक्सीत तिकीट नाही, वाहक नाही, पावती नाही. मागच्या रांगेतले लोक आपापले भाडे एकत्र करून पुढच्या रांगेकडे देतात, तिथले लोक त्यांत आपले पैसे घालतात, आणि सगळी रक्कम चालकाशेजारी बसलेल्या प्रवाशाच्या हाती येते. ते मोजून, सुटे पैसे परत पाठवून, हिशेब चालकाला देणे ही पुढच्या प्रवाशाची जबाबदारी. त्या दिवशी ती जागा माझी होती.

चौदा माणसांचे पैसे, नोटा आणि नाणी मिळून, एका परदेशी बाईच्या ओंजळीत आले आणि कोणीही मान वर करून पाहिले नाही. मी दोनदा मोजले. तिसऱ्या रांगेतून पाच रँड कमी आल्याची तक्रार झाली, मी तिसऱ्यांदा मोजले, चूक माझीच होती, पाच रँड हातोहात मागे गेले आणि कोणीतरी झुलू भाषेत आभार मानले. आयुष्यात अनेक मोठ्या रकमांच्या ताळेबंदांवर मी सही केली आहे, पण त्या पाच रँडांइतका ताण मला कधी आला नव्हता.

चौथा दिवस

बसने डर्बनकडे निघाले. एन-थ्री महामार्ग साडेपाचशे किलोमीटरहून थोडा अधिक आहे आणि त्यावर ट्रकांची रांग संपता संपत नाही. शेजारून रेल्वेमार्ग जातो, तो बहुतेक वेळ रिकामाच दिसला. मालवाहू रेल्वेची एका वर्षात हजार किलोमीटरहून अधिक केबल चोरीला गेलेली आहे. २०१४ साली करार झालेल्या १,०६४ इंजिनांचा व्यवहार भ्रष्टाचाराच्या आरोपांत अडकला आणि त्यामुळे इंजिने व सुटे भाग मिळेनासे झाले. रिचर्ड्स बे बंदरातल्या कोळशाच्या धक्क्याची क्षमता वर्षाला ९.१ कोटी टन आहे, पण २०२३ मध्ये तिथून सुमारे ४.७ कोटी टनच बाहेर गेला. उरलेला काही माल ट्रकांवर चढला आणि रस्ते उखडले. खिडकीतून एकामागून एक जाणारे ट्रक मोजताना वाटत होते की हीसुद्धा एक प्रकारची चोरीची पावतीच आहे.

पीटरमारित्झबर्गला बस थोडा वेळ थांबली. ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना जिथे गाडीतून उतरवले त्या स्थानकावर जाऊन येण्याइतका वेळ नव्हता, याची चुटपुट लागून राहिली.

पाचवा दिवस

डर्बनच्या उत्तरेला फिनिक्स नावाची वस्ती आहे. वंशानुसार माणसांना वेगवेगळ्या भागांत कोंबणाऱ्या १९५० च्या कायद्याखाली, सत्तरच्या दशकात, ती भारतीय वंशाच्या लोकांसाठी वसवली गेली. तिला लागून इनांडा, क्वामाशू आणि भंबायी या काळ्या लोकांच्या वस्त्या आहेत. भंबायी हे नाव ‘बॉम्बे’वरून आले असे सांगतात. गांधीजींनी १९०४ साली वसवलेला फिनिक्स आश्रम याच भंबायीत आहे. ऑगस्ट १९८५ च्या दंगलीत आश्रम लुटला आणि जाळला गेला. २००० साली राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या हस्ते तो पुन्हा उघडला. आश्रमाच्या जमिनीवर आज दाटीवाटीने घरे उभी आहेत, आणि अपरिग्रहाचा प्रयोग जिथे झाला तिथल्या पत्र्याच्या घराभोवती कुंपण आहे.

मी मुख्यतः आले होते जुलै २०२१ समजून घ्यायला. घटना न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल १५ महिन्यांची शिक्षा दिली, ७ जुलैच्या रात्री ते तुरुंगात गेले, आणि पुढच्या आठवडाभरात क्वाझुलू-नाताल आणि गाउतेंग प्रांतांत दुकाने, गोदामे, व्यापारी संकुले लुटली आणि पेटवली गेली. ३५० हून अधिक माणसे मेली. अखेर २५,००० सैनिकांना रस्त्यावर आणण्याची परवानगी द्यावी लागली. दंगलीचा विमा देणाऱ्या सरकारी संस्थेला तीस अब्ज रँडांहून अधिक दावे फेडावे लागले.

फिनिक्समधल्या एका किराणा दुकानदाराशी, ज्यांचे पणजोबा भारतातून जहाजाने उसाच्या मळ्यात गिरमिटिया म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून आले होते, मी दोन तास बोलले. ते म्हणाले की फोन लावत होतो आणि पोलीसठाण्यातून कोणी उचलत नव्हते. समोरचे गोदाम जळत होते. मग गल्लीतल्या पोरांनी टायर आणि लाकडे टाकून नाके उभे केले आणि रात्रभर पहारा सुरू झाला. पहिल्या रात्री शेजारी शेजाऱ्याला चहा देत होता. ज्यांना वर्षानुवर्षे नाव माहीत नव्हते ते एकमेकांच्या घरी जेवले. ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला होता, आणि मग ते थांबले. कारण त्याच नाक्यांवर काळ्या माणसांच्या गाड्या अडवल्या गेल्या, झडत्या घेतल्या गेल्या, मारहाण झाली, गोळ्या झाडल्या गेल्या. फिनिक्स परिसरात ३६ माणसे मारली गेली आणि त्यांतली बहुसंख्य काळी होती.

दुपारी आश्रमाजवळ भेटलेल्या एका बाईंचा भाचा तेव्हा कामावरून घरी चालला होता. तो लुटारू नव्हता, त्याच्या हातात काही नव्हते, पण नाक्यावर त्याचा रंग पाहिला गेला. तो वाचला, त्याचा एक कान आता ऐकत नाही. बाई अजूनही त्याच दुकानदाराच्या गल्लीत सामान घ्यायला जातात, कारण दुसरे दुकान लांब आहे. “मी पैसे ठेवते, तो पाव देतो, आम्ही बोलत नाही,” असे त्या म्हणाल्या. १९४९ च्या जानेवारीत डर्बनमध्ये काळे आणि भारतीय यांच्यातल्या दंगलीत १४२ माणसे मेली होती, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत त्याच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. सोवेटोतल्या अंगणात विश्वासाचे जे वर्तुळ पाहून मी हरखले होते तेच वर्तुळ इथे नाके होऊन उभे राहिले होते. आतल्यांना जितके जवळ आणले तितकेच बाहेरच्यांना दूर लोटणारे. माझे पणजोबा त्या जहाजावर असते तर त्या रात्री मीही नाक्याच्या आतल्या बाजूला असते, आणि तिथे मी कशी वागले असते याची मला खात्री देता येत नाही.

सहावा दिवस

सकाळी डर्बनच्या बसस्थानकावर जोहान्सबर्गच्या बसची वाट पाहत बसले होते. एक तरुण बाई पाठीला मूल बांधून माझ्याजवळ आली. तिच्या फोनमधले पैसे संपले होते आणि तिला न्यायला येणाऱ्या भावाला कोणत्या दाराशी थांबायचे ते सांगायचे होते. एक फोन लावू द्याल का, असे तिने विचारले. माझा फोन पर्समध्ये होता आणि पूर्ण चार्ज केलेला होता. फोनमध्ये माझे तिकीट होते, बँक होती, पाच दिवसांच्या नोंदी होत्या. मी तिला बॅटरी संपली आहे असे सांगितले.

तिने मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होते, आणि ती दाराजवळच्या पहारेकऱ्याकडे गेली. त्याने तिचे ऐकून घेतले, खिशातून स्वतःचा फोन काढला, तिने सांगितलेला नंबर स्वतः दाबला, आणि फोन हातातून न सोडता तो स्पीकरवर लावून तिच्या तोंडासमोर धरला. ती बोलली, पलीकडून भाऊ बोलला, मध्येच मुलाने हात पुढे केला तेव्हा पहारेकऱ्याने फोन जरा उंच धरला. बोलणे संपल्यावर त्याने तो पुन्हा खिशात ठेवला आणि बाई दोन नंबरच्या दाराकडे निघून गेली.